पडदा लावूनही बाथरूमभर पाणी? नवा पडदा आणण्याआधी हे तपासा

नागपुरात आमच्या घराच्या वरच्या दोन मजल्यांवर शिकणाऱ्या मुली राहतात. सहा बाथरूम आहेत. सगळ्यांत शॉवर आहे, काचेचं पार्टिशन एकातही नाही, पडदेच आहेत. त्यामुळे "काकू, पाणी पुन्हा दारापर्यंत येऊन राहिलं" ही तक्रार गेली नऊ वर्षं दर सहा महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या खोलीतून येते. आता मी तक्रार आली की एक खडू, एक कंचा (खेळायची गोटी) आणि मोजपट्टी घेऊन वर जाते. पडदा विकत आणायचा का, हे त्यानंतर ठरतं.

पहिली दोन वर्षं मी उलटं करत होते. पाणी बाहेर आलं की पडदा बदलायचा. एका बाथरूममध्ये वर्षभरात चार पडदे झाले. एक जाड, एक लांब, एक कापडी, एक वजनाचा. पाणी जसंच्या तसं. शेवटी दाराची चौकट खालून फुगली, तेव्हा मी फरशीवर बसून पाणी कुठून निघतं आणि कुठं जातं ते डोळ्यांनी बघितलं. चारही पडदे आपलं काम नीट करत होते. रॉड चुकीच्या जागी होता. तो साडेतीन इंच आत घेतला आणि त्या बाथरूमची तक्रार कायमची बंद झाली. म्हणून खालच्या तपासण्या साधारण फुकटापासून खर्चिकाकडे जाणाऱ्या क्रमाने लिहिल्या आहेत. तो क्रम मोडू नका.

आधी लक्षण ओळखा

पाणी बाहेर येतं, एवढ्यावरून काही कळत नाही. कसं येतं ते बघा.

– पडद्याची बाहेरची बाजू कोरडी, पण दाराशी पाणी साचलेलं आणि पायपुसणं ओलं : पाणी पडद्याखालून फरशीवरून येतंय.
– पडद्याच्या दोन टोकांपाशी, बाहेरच्या टाईल्सवर ओघळ : पाणी कडेच्या फटीतून येतंय.
– कमोडच्या झाकणावर, आरशावर, स्विचच्या बाजूला थेंब : शॉवर वाकडं फेकतोय किंवा पडदा वरून आखूड आहे.
– पडदा आत ओढला जाऊन पायांना चिकटतो, त्याची खालची कड उचलली जाते आणि तिथून पाणी निसटतं. ही तक्रार आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत वाढते.
– रॉड घसरतो, एका बाजूने झुकतो किंवा पडद्यासकट खाली येतो.
– खालच्या चार-सहा इंचांत काळे ठिपके, गुलाबी-नारिंगी बुळबुळीत थर, किंवा पांढरी खरबरीत पापडी.
– कोणी आंघोळ केलेली नसतानाही फरशी ओली. यात पडद्याचा काहीही संबंध नाही. मधलं सगळं सोडा आणि 'कुठं थांबायचं' हा भाग वाचा.

खडूची रेघ (खर्च शून्य)

फरशी पूर्ण कोरडी करा. पोछा मारून पंखा लावा, घाई करू नका. मग पडद्याच्या बरोबर खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साध्या पांढऱ्या खडूने जाड रेघ ओढा. दुसरी रेघ तिच्या एक फूट बाहेर, दाराच्या बाजूला. आत कोणी नसताना पडदा पूर्ण ओढून शॉवर पाच मिनिटं सुरू ठेवा, बाहेर उभं राहून बघा. मग शॉवर बंद करून रेघा कुठं पुसल्या ते पाहा.

रेघ मधोमध पुसली असेल तर पाणी खालून वाहत आलंय. फक्त भिंतीजवळची टोकं पुसली असतील तर कडेची फट. आतली रेघ शाबूत आणि बाहेरची ठिपक्याठिपक्यांनी भिजली असेल तर पाणी वरून उडालंय. आणि दोन्ही रेघा कोरड्या राहिल्या, तर दोष आंघोळीच्या पद्धतीत आहे, पडद्यात नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे शॉवर असला तरी अर्ध्या मुली बादली भरून मगानेच आंघोळ करतात. मगातलं पाणी खांद्यावरून उडतं आणि शॉवरच्या धारेपेक्षा लांब जातं. बादली जर पडद्याला टेकून ठेवली असेल, तर कुठलाही पडदा ते थांबवू शकत नाही. बादली भिंतीकडच्या कोपऱ्यात सरकवली की निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.

शॉवरच्या छिद्रांकडे बघा (खर्च : वाटीभर व्हिनेगर)

नागपुरात महापालिकेचं पाणी पेंच जलाशयातून आणि कन्हान नदीतून येतं, पण बहुतेक इमारतींत त्याच्या जोडीला बोअर असतेच. आमच्या टाकीतही दोन्ही मिसळतं. बोअरच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी गरम झालं किंवा वाळलं की ते पांढऱ्या पापडीच्या रूपात मागे राहतात. शॉवरच्या छिद्रावर अशी पापडी धरली की छिद्र पूर्ण बंद होत नाही, अर्धवट होतं. मग त्यातली धार सरळ खाली न पडता वाकडी, पिचकारीसारखी निघते. मागच्या वर्षी एका खोलीत आरसा रोज भिजायचा. मी शॉवरखाली हात धरून एकेक धार तपासली. चाळीसेक छिद्रांतल्या तीनच धारा वाकड्या होत्या, पण त्यातली एक पडद्याच्या वरून थेट आरशावर जात होती. शिवणाच्या सुईने टोचल्यावर त्यातून तांदळाच्या कणीएवढा खडा निघाला.

उपाय सोपा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढरं व्हिनेगर ओता, शॉवरचं तोंड त्यात बुडेल अशी पिशवी वर रबरबँडने बांधा, तासभर ठेवा. मग जुन्या टूथब्रशने घासा. छिद्रं रबराची असतील तर बोटाने चोळली तरी पापडी सुटते. सोनेरी किंवा काळ्या मुलाम्याचा शॉवर असेल तर इतका वेळ ठेवू नका, मुलामा जातो. अर्ध्या लिंबाने घासून लगेच धुवा. बोअरचं पाणी असेल तर हे दर दोन महिन्यांनी करायचं.

हातात असताना शॉवरचा कोनही बघा. बॉल जॉइंट असेल तर तोंड हाताने वळतं. धार पडद्याच्या दिशेने नको, समोरच्या कोरड्या भिंतीकडेही नको, नळाच्या भिंतीकडे झुकलेली हवी.

पडद्याची टोकं (खर्च शून्य)

मधे पडदा कितीही चांगला असो, भिंत आणि पडदा यांच्यात दोन बोटांची फट राहिली की तिथून पाणी जातंच. आंघोळीआधी मगभर पाणी कडेच्या टाईलवर मारा आणि पडद्याची कड तिथे हाताने दाबून चिकटवा. ओल्या टाईलला प्लॅस्टिक चांगलं धरतं. ते टिकत नसेल तर टाईलला चिकटवायची छोटी क्लिप मिळते, ती कमरेच्या उंचीवर एक आणि गुडघ्याच्या उंचीवर एक लावा. आंघोळ झाल्यावर पडदा गोळा करून कोपऱ्यात ढकलू नका. पूर्ण ताणून ठेवा, म्हणजे वाळतो. ही एक सवय लागली तर काळ्या डागांचा विषय जवळजवळ संपतो. आमच्याकडे दारामागे एवढी एकच सूचना लावलेली आहे.

कंचा आणि पाण्याचा उंचवटा

आता माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी. लोक हीच करत नाहीत.

आपल्या बाथरूममध्ये टब नसतो. पाणी फरशीवर पडतं आणि उतारावरून जाळीकडे जातं. हा उतार साधारण एक मीटरला १० ते १२ मिलिमीटर असावा लागतो, म्हणजे पाच फुटांत अर्धा ते पाऊण इंच. पण उतार सगळीकडे एकाच दिशेने नसतो. दारापासून आत येताना फरशी कुठेतरी किंचित उंच असते आणि तिथून दोन बाजूंना उतरते. एक बाजू जाळीकडे, दुसरी दाराकडे किंवा कमोडकडे. हा उंचवटा डोळ्यांना दिसत नाही. टाईल चकचकीत असेल तर अजिबातच नाही.

कोरड्या फरशीवर जाळीपासून सुरुवात करून दर चार इंचांवर कंचा अलगद ठेवा, ढकलू नका. जोवर तो जाळीकडे घरंगळतो तोवर ठीक. जिथे तो थांबतो किंवा दाराकडे वळतो, तिथे खडूने फुली मारा. भिंतीपासून भिंतीपर्यंत अशा पाच-सहा फुल्या झाल्या की त्या जोडा. ही तुमच्या बाथरूमची पाणलोट रेषा. कंचा टाईलच्या सांध्यात अडकत असेल तर चमचाभर पाणी सांडून बघा, तेही तेच सांगेल. खात्री करायची असेल तर पाण्यात चिमूटभर हळद टाका, ओघ पिवळा दिसतो.

पडदा या रेषेच्या आत, जाळीच्या बाजूला लोंबला पाहिजे, किमान तीन इंच आत. तो बाहेर असेल तर पडद्याच्या आतच पडलेलं पाणी उंचवट्याच्या पलीकडून दाराकडे वाहणार, आणि पडदा त्याला अडवू शकणार नाही, कारण तो जमिनीला टेकलेला नसतो. माझ्या चार पडद्यांचं हेच झालं होतं. रॉड लावणाऱ्याने तो शॉवरपासून 'मोकळं वाटावं' म्हणून दूर लावला होता. जागा मोकळी झाली, पण उंचवटा पडद्याच्या आत आला.

स्प्रिंगचा, म्हणजे दोन भिंतींमधे दाबून बसणारा रॉड असेल तर आत सरकवायला दोन मिनिटं लागतात. भिंतीत ठोकलेला असेल तरी आधी दोरी बांधून त्यावर जुना पडदा टाका, आठवडाभर बघा, मगच छिद्रं पाडा.

तपासता तपासता जाळीही उचला. केसांचा गोळा, साबणाचा चिकटा काढा. मग २० लिटरची बादली एकदम ओता. पाणी जाळीभोवती तळं करून रेंगाळत असेल, तर शॉवर सुरू असताना ते तळं वाढत वाढत उंचवटा ओलांडतं. जाळी साफ करूनही पाणी रेंगाळलं तर चोक पुढे पाइपात आहे.

आता पडदा : माप आधी, रंग नंतर

इथपर्यंत येऊनही पाणी बाहेर येत असेल तर पडदा बदलायचा विचार करा. बाजारात जाण्याआधी तीन मापं कागदावर लिहून न्या.

पहिलं, रॉडपासून फरशीपर्यंतची उंची. पडदा फरशीच्या एक ते दीड इंच वर संपला पाहिजे. टेकला तर सतत ओला राहतो, बुरशी धरतो, आणि पायाखाली येऊन माणूस घसरतो. तीन इंच वर राहिला तर शिंतोडे खालून जातात. आंघोळीच्या जागेला कठडा असेल तर पडदा कठड्याच्या आत, त्याच्या वरच्या कडेपेक्षा दोन इंच खाली यायला हवा. कठड्याच्या बाहेर सोडलेला पडदा म्हणजे पाण्याला सरळ बाहेर सोडणारी पन्हळ.

दुसरं, रॉडची लांबी. पडदा सपाट ताणून जेमतेम पुरला तर तो वापरताना एका बाजूने ओढला जातो आणि दुसऱ्या बाजूची फट उघडते. लांबीच्या दीडपट रुंदी घ्या. चार फुटांच्या रॉडला सहा फुटांचा पडदा.

तिसरं, शॉवरच्या तोंडाची उंची. पडद्याची वरची कड त्याच्या वर हवी.

तयार पडदे मुख्यतः दोन मापांत मिळतात. एक ७२ बाय ७२ इंचांचा, म्हणजे सहा फूट चौरस, बारा कड्यांचा. दुसरा ५४ इंच रुंद आणि ८४ इंच लांब, सहसा आठ कड्यांचा. पहिलं माप टबासाठी रुळलेलं आहे, टबाची कड फरशीपासून वर असते म्हणून त्यांना सहा फूट पुरतात. आपल्याकडे फरशीवरच आंघोळ होते, त्यामुळे रॉड सात फुटांवर असेल तर सहा फुटी पडदा खाली फूटभर मोकळा राहतो. मग लोक रॉडच खाली घेतात आणि शॉवरचं पाणी वरून जातं. दुकानदार चौरस पडदाच समोर टाकतो, तेव्हा लांबी तोंडाने विचारा. ८४ इंचांचा घेऊन दोन इंच कापणं सोपं. प्लॅस्टिक कापलं तर कडेला शिवण लागत नाही.

मनासारखी रुंदी मिळत नसेल तर गांधीबागच्या कापड बाजारात पाणी न धरणारं पॉलिएस्टर कापड मीटरवर मिळतं. शिंप्याकडून वर दुमड घालून कड्यांसाठी आयलेट (धातूची गोल छिद्रं) ठोकून घ्या. एका लांबट बाथरूमसाठी मी असा साडेआठ फूट रुंद पडदा करून घेतला, तो तिसऱ्या वर्षी अजून आहे.

कापडी की प्लॅस्टिक? माझं मत स्पष्ट आहे. एकाच माणसाच्या, खिडकी असलेल्या, हवा खेळणाऱ्या बाथरूममध्ये पॉलिएस्टर चांगलं. जड लोंबतं, अंगाला कमी चिकटतं, मशीनमध्ये हलक्या धुलाईवर धुता येतं. चार-पाच जणी एकापाठोपाठ आंघोळ करतात तिथे तो दिवसभर वाळत नाही, तिथे प्लॅस्टिकच. प्लॅस्टिकमध्येही पीव्हीसी आणि पीईव्हीए असे दोन प्रकार आहेत. पीव्हीसी मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट रसायनं मिसळतात, नव्या पडद्याचा जो डोकं चढवणारा वास येतो तो त्यात मिसळलेल्या रसायनांचा. उष्णतेने ती हळूहळू निघून जातात आणि पडदा कडक होतो, घडीवर चिरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, त्यामुळे पीव्हीसीचा पडदा धुऊन गच्चीवर उन्हात वाळत घालू नका. सावलीत टांगा. पीईव्हीएत क्लोरीन नसतं, वास कमी असतो, आणि थोडे पैसे जास्त लागले तरी मी आता तोच घेते. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर नाकाला लावून बघा, फरक लगेच कळतो.

सुती कापडाचा पडदा शॉवरला लावू नका, कोणी कितीही सुंदर दाखवला तरी. पाणी पितो, वजनाने रॉड खाली आणतो.

पडदा अंगाला चिकटतो

यामागे खरंच शास्त्र आहे. शॉवरचं पाणी पडताना आतली हवा फिरवतं, आडवा भोवरा तयार होतो आणि त्याच्या मध्याशी हवेचा दाब कमी असतो. बाहेरची हवा पडद्याला तिकडे ढकलते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर शॉवरची प्रतिकृती करून हे दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. त्यात गरम पाणी असेल तर आतली ऊन हवा वर चढते आणि खालून थंड हवा आत शिरते, ती पडद्याची कड सोबत घेऊन येते. आमच्या हिवाळ्यातल्या तक्रारींचं कारण हे. उन्हाळ्यात गिझर बंद असतो, तेव्हा चिकटणं कमी होतं.

पहिला उपाय खालच्या कडेला वजन. बाजारात चुंबक शिवलेले पडदे मिळतात, पण चुंबक लोखंडी टबाला चिकटतो, टाईलला नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याचा उपयोग फक्त वजनापुरता. खालची दुमड उसवून त्यात स्टीलच्या बारीक साखळीचा तुकडा घातला की काम होतं. स्टीलचीच घ्या, साधी लोखंडी साखळी महिन्याभरात गंजून पडद्यावर तांबडे ओघळ पाडते. दुसरा उपाय, आंघोळीच्या वेळी वरून थोडी हवा आत जाऊ द्या. पडदा छतापर्यंत नको, रॉडच्या वर फूटभर मोकळं हवं. तिसरा, बाहेर वळलेला वक्र रॉड. तो मिळतो, पण वर सांगितलेली पाणलोट रेषा ओलांडत असेल तर घेऊ नका.

रॉड घसरतो

स्प्रिंगचा रॉड गुळगुळीत टाईलवर साबणाच्या थरामुळे घसरतो. दोन्ही टोकांचे रबर आणि टाईलची ती जागा स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग रॉड जागेच्या मापापेक्षा इंचभर लांब करून दाबून बसवा. रबर कडक होऊन चकाकत असेल तर बदला. रॉड त्याच्या कमाल लांबीपर्यंत ताणला असेल तर तो मधे वाकणारच, मोठा घ्या. स्टील घेताना ३०४ दर्जाचं मागा. त्यात क्रोमियम साधारण १८ आणि निकेल ८ टक्के असतं, ते ओलीत टिकतं. २०२ दर्जाचं स्वस्त मिळतं पण आमच्याकडे दोन पावसाळ्यांत ठिपके धरले.

ओला टॉवेल रॉडवर टाकण्याची सवय मोडा. त्यासाठी वेगळी खुंटी ठोका.

काळे, गुलाबी, पांढरे डाग

तिन्ही वेगळे आहेत आणि उपायही वेगळे. काळे ठिपके बुरशीचे. गुलाबी-नारिंगी बुळबुळीत थर बहुतेक वेळा सेरेशिया मार्सेसन्स या जिवाणूचा, तो साबण आणि शांपूच्या अंशांवर वाढतो. पांढरी पापडी क्षारांची, त्यात साबणाचा साका मिसळलेला. पांढऱ्याला व्हिनेगर. गुलाबीला कपड्यांची पावडर आणि ब्रश. काळ्याला पातळ केलेलं ब्लीच, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी.

व्हिनेगर आणि ब्लीच, किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच, एकाच दिवशी एकाच जागी कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. आमच्याकडे एक मुलगी दोन्ही एकदम ओतून खोकत बाहेर आली होती, म्हणून हे तळमळीने लिहितेय.

जुलै-ऑगस्टमध्ये पडदा वाळतच नाही. एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतर वीस मिनिटं सुरू ठेवा. फॅन नसेल तर दार उघडं ठेवा. डाग पडद्याच्या आरपार गेले असतील, चिकटा पुन्हा पुन्हा येत असेल, तर मात्र पडदा टाकून द्या.

फरशीवरची पट्टी

वरचं सगळं करूनही बोटभर पाणी दाराकडे सरकत असेल तर पडद्याच्या किंचित बाहेर सिलिकॉनची पाणी अडवायची पट्टी चिकटवता येते. साधारण इंचभर उंच असते. टाईल पूर्ण कोरडी आणि तेलकटपणा काढलेली हवी, चिकटवल्यावर पूर्ण एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर लावू नका, ठेच लागून पडण्याचा धोका मोठा आहे. आणि आत जाळी चोक असेल तर पट्टीमुळे फक्त आत तळं होईल.

कुठं थांबायचं

खालचं काही दिसलं तर पडदा, रॉड, पट्टी सगळं बाजूला ठेवा.

नळाला, शॉवरला किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बाहेर या, कोरड्या पायांनी मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. गिझर फक्त बंद करून आंघोळ सुरू ठेवू नका. तो आल्यावर अर्थिंग तपासायला सांगा, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

आंघोळ नसतानाही फरशी ओली, पलीकडच्या खोलीच्या भिंतीचा रंग फुगलेला, किंवा खालच्या घराच्या छतावर डाग असेल तर भिंतीतला पाइप किंवा टाईलखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. एक साधी चाचणी तुम्ही करू शकता. रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खूण करून ठेवा, सकाळी बघा. उतरली असेल तर प्लंबर. टाकी तशीच आणि डाग आंघोळीनंतरच वाढत असेल तर वॉटरप्रूफिंग करणारा माणूस. सांध्यांवर पांढरं सिमेंट भरून वेळ मारून नेऊ नका, मी नेली होती आणि खालच्या खोलीचं प्लास्टर उतरलं.

कंच्याने बघितलं आणि तो जाळीपासून उलटाच जातोय, म्हणजे जाळीच फरशीत उंच आहे, तर टाईल्स काढून उतार नव्याने करावा लागतो. हे मिस्त्रीचं काम आहे. काम झाल्यावर टाईलचा मसाला वाळायच्या आधी त्याच्यासमोर पाणी ओतून बघा, नंतर तो येत नाही. ज्या माणसाने आमच्या एका बाथरूमचा उतार उलटा केला होता, त्याने नंतर फोन उचलला नाही.

भिंतीत रॉडसाठी छिद्र पाडायचं असेल आणि गिझर त्याच भिंतीवर असेल, तर पाइप सहसा गिझर ते नळ असे सरळ खाली उतरतात, पण वायर कुठून गेली हे बाहेरून कळत नाही. तिथे मी स्वतः ड्रिल धरत नाही. छिद्र पाडणाऱ्यालाही आधी मेन बंद करायला सांगते, बॅटरीचं ड्रिल आणायला सांगते आणि टाईलचा टप्पा संपेपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके मारणारा) मोड लावू देत नाही, नाहीतर टाईल तडकते.

प्लंबर येईल तेव्हा खडूच्या रेघा आणि फुल्या पुसू नका. फोटो काढून ठेवा, आंघोळीआधीचा एक आणि नंतरचा एक. आमच्याकडे येणारा प्लंबर आता जिन्यातच विचारतो, "काकू, रेघ मारून ठेवली ना?"